पूड भांड्यात राहिली तर

९ जानेवारी

प्रिय ताई,

माझ्या आयुष्याचे आता दोन भाग झालेत. परवा सकाळी मी कॉफीच्या ग्राइंडरचं भांडं ओट्यावर आपटलं त्याच्या आधीचा एक, आणि नंतरचा एक. सा. न. वि. वि. वगैरे सगळं तू धरून घे, माझ्यात तेवढा दम उरलेला नाही.

फोन लागत नाही म्हणून तू चिडली असशील. फोन वारला. कॉलेजातून मेसेज आला, 'पुन्हा प्रवेश घेण्याची अंतिम संधी'. तो वाचला आणि फोन भिंतीवर गेला. आपोआप गेला म्हण हवं तर. नवा घेणार नाहीये. म्हणून हे पत्र. लग्न होऊन निघालीस तेव्हा 'पत्र लिहीत जा रे' म्हणून तूच गळा काढला होतास, आता भोग.

तर वरची. सप्टेंबरपासून वरच्या खोलीत भाड्यानं राहते. लोकांच्या जुन्या फिल्म असतात ना, निगेटिव्ह, त्या धुऊन पुसून त्यांचे नवे फोटो करून देते. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचा उजेड छान येतो, म्हणून रोज एखादी पट्टी घेऊन खाली यायची, काचेसमोर धरून बघायची. मी कॉफी करायचो. शेजारच्या खोलीत बाबा पेशंटसाठी बनवलेली कुणाची तरी कवळी घासत असायचे. बस, एवढंच. पण ह्या एवढ्यावर मी जगत होतो गं.

परवा मी नव्या बिया आणल्या होत्या, चांगल्या काळ्याभोर भाजलेल्या. दळल्या. पूड भांड्याच्या कडांना चिकटून बसली, नेहमीसारखी. मी ऐटीत झाकण काढलं आणि भांडं ठक्कन आपटलं. ताई, पूड खाली पडण्याऐवजी वर उडाली! माझ्या हाताला, बाहीला, ओट्याला, आणि सरळ तिच्या हातातल्या पट्टीवर. लोहचुंबक असल्यासारखी. कुणाच्या तरी आजीच्या लग्नाची पट्टी होती. तिनं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाली, "नवरीला मिशा आल्या."

मला वाटलं गंमत करतेय. मी हसलो. तिनं पुसायला मऊ ब्रश लावला तर पूड ब्रशला चिकटून पुन्हा पट्टीवर. एका जागी ओरखडा पडला. मग ती म्हणाली, "ह्या पट्ट्या माझ्या नाहीत. लोकांच्या आहेत." आणि दारातून जाताना, "तुझी पूड भांड्यात राहायला लागली की मी खाली येईन. तोवर नको."

ताई, ही पूड मला आडवी आलीय. एक तर ती राहील नाहीतर मी. भावोजी दिवसभर कॉफीच्या नावानं जप करत असतात, त्यांना विचार आणि लगेच कळव. मी इथे खिडकीशी एकटा बसून कॉफी पितो आणि ती मातीसारखी लागते.

तुझा,
भडक्या


१७ जानेवारी

प्रिय भडक्या,

अनेक आशीर्वाद. पत्र आलं, दोनदा वाचलं, आणि तुझ्या भावोजींना मोठ्यांदा वाचून दाखवलं. 'कॉफी मातीसारखी लागते' इथे ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आता म्हणतायत, बियाच तशा असतील.

आधी पूड. तीन वर्षं विजेच्या कॉलेजात काढलीस आणि हे मी तुला सांगायचं! अर्ध्यातून उठून आलास म्हणून वीजही अर्धीच कळते का? बिया दळताना घासतात, फुटतात, त्यातून पुडीवर वीज साठते. लोकरीचा स्वेटर काढताना केस उभे राहतात तेच. हवा कोरडी, बिया जास्त भाजून कोरड्याठाक, आणि भांडं प्लास्टिकचं. मग पूड उडणार नाही तर काय करणार? आणि फिल्म म्हणजे तरी काय, प्लास्टिकच. तिला पूड चिकटायला आमंत्रण लागत नाही.

उपाय भावोजींच्या शब्दांत देते: "चमच्याचा दांडा नळाखाली धरायचा, झटकायचा, आणि तेवढ्या ओल्या दांड्यानं बिया ढवळायच्या. मग दळायच्या. थेंबभर पाण्यानं काम होतं. दळून झालं की लगेच भांडं उघडायचं नाही. जरा दम खायचा, बाजूनं हलकी टिचकी मारायची, मग उघडायचं." बास. थेंबभर, नीट वाच. तुझा हात मला माहीत आहे. तू केलेल्या आमटीत मीठ म्हणजे मिठात आमटी.

आता माझा प्रश्न. ती म्हणाली, पट्ट्या लोकांच्या आहेत. आणि मग ती दारातून गेली. मधे तू काय म्हणालास? पत्रात ते नाहीये. ओरखडा पडला आणि तू गप्प उभा राहिलास असं व्हायला सूर्य पश्चिमेला उगवावा लागेल. काय म्हणालास?

बाबांशी बोलतोस की नाही?

तुझी,
ताई


२४ जानेवारी

प्रिय ताई,

बाबांनी तुला फोन केला ना? केलाच असणार. नाहीतर 'काय म्हणालास' हे तुला कुठून सुचलं?

ठीक आहे, सांगतो. मी म्हणालो, "एवढं आहे तर आणू नये इथे. हे स्वयंपाकघर आहे, तुझं दुकान नाही." जरा मोठ्यांदा. समोरच्या गॅलरीतल्या काकू कपडे वाळत घालायचं सोडून बघत होत्या एवढ्या मोठ्यांदा. पण ताई, राग मला तिचा आला नव्हता. ओरखड्याचा आला होता. तो तोंडातून बाहेर पडताना कुणावर पडतो ते माझ्या हातात नसतं.

असो. पूड. थेंबभर पाणी वगैरे मला आधी पटलं नाही. थेंबानं वीज हटते होय! मी म्हटलं आपण शास्त्रानं जाऊ. अर्थिंग करू. तांब्याची वायर घेतली, एक टोक ग्राइंडरच्या भांड्याला गुंडाळलं आणि दुसरं नळाला. दळलं. पूड उडाली. वायर आणखी घट्ट बांधली. पूड आणखी उडाली. तेवढ्यात बाबा हात धुवायला आले, वायर पायात अडकली, आणि हिरडीचा लेप अजून ओला असलेली कुणाची तरी खालची कवळी त्यांच्या हातातून उडून कॉफीच्या पुडीत पडली. बाबांनी ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "पेशंटला आता कॉफी वेगळी प्यायला नको." आणि गेले. एवढंच बोलले. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी वाक्य जपून वापरतात.

मग रागारागानं मी तुझा उपाय केला. पण थेंब म्हणजे किती? थेंब काय थेंब. मी म्हटलं एवढी वीज आहे, तर चांगलं चमचाभर घालू. ताई, आत चिखल झाला. ग्राइंडर आधी घुर्रर्र, मग हुं, मग बंद. जळका वास. मी तो उचलून खिडकीबाहेर टाकणारच होतो, खरंच हात वर गेला होता. बाबांनी मागून येऊन तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला, जसं लहान मुलाच्या हातातून कात्री काढतात. कवळ्यांचा बारीक ब्रश आणला, पेचकस आणला, समोर बसले. एक पातं त्यांनी घासलं, एक मी. दुपार गेली. मधे त्यांनी माझ्या हातातला ब्रश नीट धरून दिला. शेवटी ग्राइंडर चालू झाला तेव्हा ते म्हणाले, "ताईनं थेंब सांगितला होता ना?"

म्हणजे केलाच होता फोन.

आणि आता खरी बातमी. सगळं व्यर्थ आहे. वरच्या खोलीत एकजण येतो. हेल्मेटवाला. उंच. परवा जिन्यात दिसला, काल पुन्हा. काल मी पायऱ्यांवर बसलो होतो (हवा खात), तर वरून दोघांच्या हसण्याचा आवाज. माझ्या कॉफीवर ती कधी अशी हसली नव्हती. मी इथून जातोय. कुठे ते ठरलं नाही.

भडक्या


३१ जानेवारी

भडक्या,

कुठे जातोयस ते ठरलं की पत्ता कळव, म्हणजे हे पत्र तिकडे पाठवीन. तोवर घरच्याच पत्त्यावर टाकते. बाबांनी जेवायला काय केलं होतं तेही कळव, कारण तू जेवूनच जाणार.

भावोजी म्हणतात, प्लास्टिकला अर्थिंग करणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. वीज त्यातून वाहतच नाही, ती जागच्या जागी रुसून बसते. मी म्हटलं, आमच्या घरात असा एक मनुष्य आहे, ओळखीचा वाटतो.

हेल्मेटवाल्याला विचारलंस का, बाबा रे, तू कोण? नाही विचारलंस. हसण्याच्या आवाजावरून लग्न लावून मोकळा झालास. लोक काय फक्त नवऱ्यालाच हसतात? मी तुझ्या भावोजींना पाहून हसते ती वेगळीच गोष्ट.

आता मोठ्या बहिणीचं ऐक. तिनं तुला काय सांगितलं? पूड भांड्यात राहायला लागली की येईन. आठव बरं पुन्हा. ज्यांना यायचंच नसतं ती माणसं अटी घालत नाहीत, निघून जातात. तू तिच्यावर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा ओरडलास, आणि तिनं परत यायची वाट उघडी ठेवली. किती सोपी वाट! थेंबभर पाणी. आणि तू तिथे चमचाभर ओतून चिखल केलास.

पुन्हा कर. पण बाबांसमोर कर. ते तुझा हात धरतील.

तुझी,
ताई

(भावोजींचा मजकूर: साहेब, त्या काळ्याभोर बियांचा नाद सोडा. जरा कमी भाजलेल्या आणा, त्यात ओल असते. आणि अगदी पिठासारखं बारीक दळू नका. प्रेमात आणि कॉफीत फार बारीक गेलं की गाळायला त्रास होतो.)


८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

झालं! थेंबानं झालं!

कमी भाजलेल्या बिया आणल्या. चमच्याचा दांडा नळाखाली धरला, झटकला. मला वाटलं हे काहीच नाही, एवढ्यात काय भिजणार, आणि हात पुन्हा नळाकडे चालला होता. बाबा शेजारी उभे होते. नुसते खाकरले. मी थांबलो. बिया ढवळल्या, ओल्या झाल्याही नाहीत, नुसती चमक गेली. दळलं. मग थांबायचं. ताई, सगळ्यात अवघड भाग तो. समोर भांडं आहे, आत पूड आहे, आणि उघडायचं नाही. मी ओट्याची कड धरून उभा राहिलो. टिचकी मारली. उघडलं.

शहाण्या मुलासारखी पूड तळाशी बसली होती. कडा लख्ख. बाबांनी आतून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. काही नाही! मग ते म्हणाले, "दोन कप कर." इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. आम्ही दोघं खिडकीशी बसून प्यायलो. मातीसारखी लागली नाही.

त्यांनी कॉलेजचं काढलं नाही. मीच काढलं. म्हटलं, परत जायचं नाहीये, पण रिकामं बसायचंही नाहीये. ते म्हणाले, "वायरिंग येतं का तुला, की फक्त नळाला बांधता येतं?" मी म्हटलं येतं. "मग माझ्या खोलीतला दिवा सारखा लुकलुकतो तो बघ." बघितला. आता लुकलुकत नाही.

आता वाईट ऐक. हेल्मेटवाला सुतार आहे. तुझंच खरं. मी जिन्यात त्याला अडवलं, जरा जोरातच विचारलं, आणि तो बिचारा मापाची टेप पुढे करून म्हणाला, "टेबलाचं माप घेतोय दादा, बाईंच्या नव्या जागेसाठी." नवी जागा! ती चाललीय. बाजारामागे एक मोठी खोली मिळालीय तिला, फोटो धुवायला अंधारी खोली आहे तिथे. पुढच्या आठवड्यात जाणार.

आणि गेले तीन-चार दिवस मी रोज सकाळी पूड भांड्यात बसवतो, दोन कप मांडतो आणि वाट बघतो. ती आली की दाखवीन. ती येत नाही. तिला कळणार कसं, हे तूच सांग. दळताना स्वयंपाकघराचं दार मी सताड उघडं ठेवतो, आवाज वर जावा म्हणून. काल तर दोनदा दळलं. माझी पूड तयार आहे आणि ती चाललीय. असं नशीब शत्रूचंही नसावं.

तुझा,
भडक्या


१३ फेब्रुवारी

मूर्खा,

मी खाली येणार नाही, असं ती म्हणाली होती. तू वर जायचं नाहीस, असं कोण म्हणालं?

आठ पायऱ्या असतील नसतील. जा.

ताई


२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं चिमूटभर पत्र आलं तेव्हा मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मला स्वतःची एवढी लाज वाटली की हसूच आलं. महिनाभर मी विजेशी लढलो, नळाशी लढलो, सुताराशी लढायला निघालो होतो, आणि जिना चढायचं डोक्यात आलं नाही.

गेलो. ग्राइंडर काखेत, बिया खिशात. तिनं दार उघडलं, हातात चिकटपट्टी, डोक्याला फडकं, मागे खोकीच खोकी. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "खालची वीज गेली का?"

"नाही. पूड दाखवायला आलोय."

"दाखव."

टेबलावर अजून काम चालू होतं, दोरीला चिमट्यांनी पट्ट्या टांगल्या होत्या. मी म्हटलं, "आधी ह्या हलव."

"नको. राहू देत."

"अगं पण—"

"राहू देत म्हटलं ना."

ताई, भावोजींचे शब्द मी मनात घोकत होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये कधी एवढं घोकलं नव्हतं. दांडा ओला केला, झटकला, ढवळलं, दळलं. ग्राइंडर थांबल्यावर ती पुढे वाकली. "उघड."

मी म्हटलं, "थांब जरा."

तिनं मान वर केली. "काय म्हणालास?"

"थांब. लगेच उघडायचं नसतं."

तेव्हा ती हसली. त्या सुताराच्या वेळी जशी हसली होती त्याहून जास्त, हे मी पैजेवर सांगतो. म्हणाली, "हे तू म्हणालास? तू?" आणि हसत हसत खोक्यावर बसली. मी टिचकी मारली आणि उघडलं. तिनं डोळ्याला भिंग लावून भांड्याच्या आत पाहिलं, मग मागच्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. मी श्वास घेत नव्हतो, न जाणो फुंकरीनं उडायची. ती म्हणाली, "मिशा नाहीत."

मग मी बोललो. त्या दिवशी तुझ्यावर ओरडायला नको होतं, म्हटलं. ओरखडा माझ्यामुळे पडला आणि वर तुलाच बोललो. तालीम केली होती त्यातलं निम्मं विसरलो.

ती म्हणाली, "हे तू दुसऱ्या दिवशी म्हणाला असतास तरी चाललं असतं."

"मग पुडीची अट कशाला घातलीस?"

"'माफी माग' म्हटलं असतं तर आणखी ओरडला असतास. पुडीला कोणी ओरडून गप्प बसवू शकत नाही. म्हटलं, बघू किती दिवस लागतात."

अशी आहे ती. आणि रोज सकाळी तुझा ग्राइंडर ऐकत होते, म्हणाली. एके दिवशी दोनदा ऐकला तेव्हा वाटलं आता येईल. नाही आलास.

ओरखडा तिला पूर्ण काढता आला नाही. त्या आजीच्या घरचे लोक फोटो न्यायला आले तेव्हा तिनं स्वतःच त्यांना दाखवला. नवरीच्या पदरावर आलाय, तोंडावर नाही, तेवढं नशीब. त्यांनी पैसे दिले, फोटो नेले, पण पुढची फिल्म आणून दिली नाही. हे तिनं मला सांगितलं, चिडून नाही, नुसतं सांगितलं. मला वाटतं त्या दिवसापासून मी जरा हळू बोलतो. बाबा म्हणतात जरा नाही, बराच. कान दुखायचे राहिले म्हणतात.

खोकी मी आणि सुतारानं मिळून उतरवली. तो चांगला माणूस आहे, नुसतं हेल्मेट फार घालतो. नव्या जागेत वायरिंग जुनाट आहे आणि अंधाऱ्या खोलीत तिला फोटो धुताना चालणारा लाल दिवा हवाय. मी म्हटलं, मी करतो. ती म्हणाली, "येतं?" बाबा मागे उभे होते, म्हणाले, "येतं." मी काही बोलायच्या आत म्हणाले, ताई!

परवा काम सुरू केलं. जुनी वायर सगळी काढून टाकलीय. तिच्या शेजारच्या दुकानदारानं बघितलं आणि म्हणाला, माझंही बघशील का. बघेन म्हटलं. म्हणजे मी काय करतो असं आता तुला कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी आहे.

तिला मी अजून ते सांगितलेलं नाही. काय ते तुला कळलंच असेल. काल दिव्याचं होल्डर लावताना खाली स्टूल धरून ती म्हणाली, "इथून तुमची खिडकी लांब पडते. मला आता रोज खाली येता यायचं नाही." मी वरून म्हटलं, "हं." माझ्या तोंडात स्क्रू होते. मग ती म्हणाली, "आणि इथल्या खिडकीतही सकाळचा उजेड वाईट नाहीये." मी स्क्रू बाहेर काढायच्या आत विषय बदलून मोकळी झाली. रात्रभर मला तेच ऐकू येत होतं. पूर्वीचा मी असतो तर तेवढ्यात स्टुलावरून उडी मारून पाय मोडून घेतला असता आणि काहीतरी भलतंच बोलून बसलो असतो. मी थांबलो. पण किती थांबायचं असतं ते भावोजींच्या मजकुरात नाहीये.

आज सांगायचं ठरवलंय. सकाळच आहे, दुकानं उघडायची आहेत. बाबांनी आतून विचारलं, "दिव्याचं काम कालच झालं ना? मग कुठे?" मी म्हटलं, "तिच्याकडे." "काम काय?" "काही नाही." ब्रश खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. केस विंचर."

विंचरले. हातात काही घेतलेलं नाही, ग्राइंडरही नाही. ही शेवटची ओळ बाहेरून, कागद आपल्या घराच्या बंद दारावर टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. दार ओढून घेतलंय. निघालो.